आधीचं नंतर

घरीदारी सगळे तिला मास्तरीणच म्हणत. सकाळी बालवाडीत शिकवायची, दुपारी घरचं बघायची आणि संध्याकाळी स्वतःच बाकावर जाऊन बसायची. चाळिशी उलटल्यावर तिने समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला नाव घातलं, तेव्हा दिराने विचारलं होतं की इतकी वर्षं लोकांच्या पोरांची नाकं पुसलीस ती कमी पडली का. नवरा मात्र काही बोलला नाही. तो फक्त संध्याकाळी कुकर लावायला शिकला, आणि या घरात त्यापेक्षा मोठा पाठिंबा कुणी कुणाला दिला नव्हता.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना ही पदवी चार वर्षांत पसरून घेता यायची. ती पसरायची कशी, कोणता विषय कुठल्या सत्रात घ्यायचा, हे विभागातल्या मार्गदर्शक बाई ठरवत. क्षेत्रकार्यावर, म्हणजे विद्यार्थी लोकांच्या घरी जाऊन जे काम करत त्यावर, देखरेखही त्यांचीच. त्यांच्या संगणकावर प्रत्येक विद्यार्थ्याचं एक पान होतं. पानावर विषयांचे चौकोन, विषय झाला की चौकोन हिरवा व्हायचा. मुलं म्हणायची, बाई डबा खातानासुद्धा आधी काय नि नंतर काय हे ठरवून खातात. पण याच बाईंनी कितीतरी जणांची बुडती वर्षं वाचवली होती, त्यामुळे थट्टा दाराबाहेरच चालायची.

शेवटच्या वर्षी मास्तरणीचं घोडं अडलं. ‘ज्येष्ठांसोबत काम’ हा विषय सकाळी होता, नेमका बालवाडीच्या वेळेत. तो झाल्याशिवाय पुढचा समारोपाचा विषय घेता येत नव्हता. आणि पदवी या सत्रात पुरी झाली तर मोठ्या इस्पितळाच्या समाजसेवा विभागातली जागा तिची होणार होती, पुढच्या सत्रापर्यंत थांबायला इस्पितळ तयार नव्हतं. बाईंनी पान वरखाली केलं, चष्मा डोक्यावर सरकवला आणि म्हणाल्या, “समारोप आधी करून टाका. ज्येष्ठांचा विषय सत्राच्या उत्तरार्धात संध्याकाळी आहे, तो नंतर घ्या. आधीचं नंतर, नंतरचं आधी. बेरीज तीच राहते.”

मास्तरणीला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं ती त्या दिवशी नवऱ्याला म्हणालीसुद्धा.

समारोपाच्या विषयाची अट सोपी होती. एका माणसाचं काम पहिल्या भेटीपासून हाती घ्यायचं आणि रीतसर संपवायचं. संपवणं हीच परीक्षा. लोकांना मदत सुरू करणं सगळ्यांनाच जमतं, बाई सांगायच्या, पण निरोप नीट घेणं जमत नाही. निरोप रेंगाळू द्यायचा नाही. समोरच्याला उगाच आशेवर ठेवायचं नाही. म्हणून शेवटच्या भेटीत आत गेल्यावर पहिल्या वाक्यातच सांगून टाकायचं की आता यापुढे मी येणार नाही. मास्तरणीने ते वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं होतं.

तिच्या वाट्याला आलेल्या आजींनी सारी हयात शिवणकाम करणाऱ्या कारखान्यात काजं करण्यात घालवली होती. कारखान्यात त्यांना काजवाली म्हणत, गल्लीतही तेच नाव पडलं होतं. जिन्यावरून पडून त्या इस्पितळात गेल्या, तिथून त्यांचं नाव विभागाशी जोडलेल्या सेवाभावी संस्थेकडे आलं आणि संस्थेने ते मास्तरणीकडे दिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांचा पुतण्या राहत. आजींना मूलबाळ नव्हतं. पुतण्या चाळिशीचा, हसतमुख, गोडबोल्या. दार उघडताच “या ताई” म्हणून खुर्ची पुसून द्यायचा आणि भेट संपेपर्यंत जवळ उभा राहायचा. मास्तरीण घरी येऊन नवऱ्याला सांगायची की पोटच्या पोराने केलं नसतं इतकं हा करतो.

काही गोष्टी तिला दिसत होत्या, नाही असं नाही. कोपऱ्यातलं शिवणयंत्र एका भेटीत नाहीसं झालं. पुतण्या म्हणाला, डोळ्यांना झेपत नव्हतं, उगाच सुई टोचून घ्यायची. आजींचा चष्मा दुरुस्तीला गेला तो गेलाच. फोन नेहमी आतल्या खोलीत चार्जिंगला. आतल्या खोलीला बाहेरून कडी होती, त्यावर तो म्हणाला की काकू झोपेत चालते, पुन्हा पडली तर मी कुणाला तोंड दाखवू. मनगटावरच्या काळ्यानिळ्या डागाचं विचारलं तेव्हा आजींनी आधी पुतण्याकडे पाहिलं आणि मग म्हणाल्या की न्हाणीत आपटलं. मास्तरणीला ते पाहणं खटकलं होतं. पण प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि कारण गोड आवाजात सांगितलेलं होतं. शिवाय त्यापुढे काय विचारायचं, हे तिला अजून कुणी शिकवलं नव्हतं.

समारोपाच्या दिवशी ती वर गेली तर पुतण्या घरात नव्हता. असं कधीच झालं नव्हतं. आजी एकट्याच, केस विंचरून खुर्चीच्या कडेला बसलेल्या. आपणच त्याला औषध आणायला पाठवलंय, लांबच्या दुकानात मिळतं ते, असं त्या म्हणाल्या. मास्तरणीला बरं वाटलं, आता निवांत निरोप घेता येईल. ती बसली तशी आजींनी खुर्ची पुढे ओढली, एकदा दाराकडे पाहिलं आणि तिचं मनगट धरलं. बोटं थंड होती. तिला त्या म्हातारीची माया आली, आणि मायेने मन घट्ट करून ती पाठ केलेलं वाक्य बोलली.

“आजी, ही आपली शेवटची भेट. यानंतर मी येणार नाही.”

आजींची तिच्या मनगटावरची पकड सैल झाली. मग त्यांनी हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

“बरं,” त्या म्हणाल्या.

पुढच्या सगळ्या प्रश्नांना त्यांनी होकार दिला. जेवण वेळेवर मिळतं का, मिळतं. काही अडचण, नाही. निघताना मास्तरणीने दारातून एकदा मागे वळून पाहिलं. पण पुस्तकात लिहिलंच होतं की निरोपाच्या वेळी माणसं गप्प होतात आणि ते स्वाभाविक आहे. तिने अहवालात तसंच लिहिलं. बाईंना अहवाल आवडला. काम बंद झालं, पुतण्याला तसं कळवलं गेलं आणि पानावरचा चौकोन हिरवा झाला. नवऱ्याने त्या आनंदात सगळ्या नातेवाइकांना फोन लावले.

मग ज्येष्ठांचा विषय सुरू झाला. शिकवायला एक सर होते, मूळचे परिचारक, वीस वर्षं म्हाताऱ्यांच्या वॉर्डात काढलेले. ते फळ्यावर काही लिहीत नसत, घर मांडायला लावत. एकाने म्हातारं माणूस व्हायचं, एकाने सांभाळणारा, एकाने भेटीला आलेला. त्या संध्याकाळी त्यांनी मास्तरणीला सांभाळणारा व्हायला सांगितलं. हा माणूस आपल्या म्हातारीला छळतो आणि ते बाहेर कळू देत नाही, एवढंच तिच्या कानात सांगितलं आणि बाजूला झाले.

मास्तरणीला विचारच करावा लागला नाही. भेटीला आलेल्या मुलीने चष्म्याचं विचारलं, ही हसून म्हणाली दुरुस्तीला दिलाय. फोन? चार्जिंगला लावलाय ना. दाराला कडी? अहो, झोपेत चालते ती, पडली तर मी कुणाला तोंड दाखवू. ती खुर्ची पुसत होती, मान डोलावत होती, म्हातारी झालेल्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. वर्ग हसला, मग हळूहळू हसायचा थांबला. सर टाळ्या वाजवत पुढे आले. “शंभर नंबरी,” ते म्हणाले. “कुठून उचललंत हे?”

तिने खांद्यावरचा हात काढला. ती पिशवी घेऊन वर्गाबाहेर पडली.

मार्गदर्शक बाई अजून खोलीत होत्या. तिने एका दमात सांगितलं तेव्हा त्यांनी आधी, सवयीने, तिचं पान उघडलं. काम बंद झालेल्या घरी विद्यार्थ्याने जायचं नाही असा नियम होता. काम पुन्हा उघडलं तर समारोप रद्द, चौकोन पांढरा, आणि तो विषय पुन्हा यायला वर्ष. इस्पितळातली जागा गेलीच. हे सगळं बाईंनी सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज बसत गेला, कारण पानावरची ती अदलाबदल त्यांच्याही डोळ्यांसमोर होती.

“करा पांढरा,” मास्तरीण म्हणाली.

बाई म्हणाल्या की उद्या सकाळीच संस्थेतून दोघांना पाठवते, तुम्ही एकट्या जाऊ नका. मास्तरणीने मान हलवली आणि सरळ आजींच्या गल्लीची वाट धरली. उद्यावर तिचा आता भरवसा नव्हता.

जिन्यात दिवे नुकतेच लागले होते. तिसऱ्या मजल्यावर पोचली तर दाराला बाहेरून कुलूप. नवं, चांगलं जाडजूड. तिने तरीही दार वाजवलं. काही नाही. पुन्हा वाजवलं तेव्हा आत, जमिनीलगत, काहीतरी सरकल्याचा आवाज झाला.

“आजी, मी आहे. मास्तरीण.”

आवाज दाराच्या खालच्या फटीतून आला. आजी खाली बसल्या असाव्यात, किंवा पडल्या असाव्यात. “तुम्ही तर येणार नव्हतात,” त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात, नुसतं आश्चर्य होतं.

मास्तरीण गुडघे टेकून फटीशी वाकली. कुलूप केव्हापासून घालतो, असं तिने विचारलं. तुम्ही यायचं थांबल्यापासून, आजी म्हणाल्या. आधी निदान तुमच्या वाराला आतल्या खोलीची कडी काढायचा. त्या दिवशी न्हाऊ घालायचा, पोटभर जेवायला द्यायचा, तुमच्यापुढे नीट दिसावं म्हणून. आता वारच उरला नाही. बोलताना त्यांना मध्ये मध्ये दम लागत होता.

मास्तरणीने फोन काढला. पोलिसांना पत्ता सांगितला, बाईंना सांगितला. पोलीस म्हणाले गाडी निघतेय. बाई म्हणाल्या मी येतेय, दारापासून हलू नका. ती आजींना म्हणाली की घाबरू नका, आता लोक येतायत, थोडाच वेळ. आणि मग, विचारू नये ते विचारून बसली.

“मला का नाही सांगितलंत, आजी?”

आजी फटीच्या आणखी जवळ सरकल्या.

“सांगणारच होते की. म्हणून तर त्याला लांब धाडलं त्या दिवशी. किती दिवस जुळवत होते. पण तुम्ही आल्या आल्या म्हणालात, ही शेवटची भेट. मग तुम्हाला सांगून मी मागे त्याच्यापाशी एकटीच राहिले असते ना, बाई.”

मास्तरणीने कपाळ दाराला टेकलं. रडू आलं तर बरं होईल असं तिला वाटलं, पण तेही येईना. शरमेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पदवी, जागा, चौकोन, काहीही तिच्या ध्यानात उरलं नाही. फक्त मनगटावरची ती थंड बोटं, ती आपण सोडवून घेतली नव्हती, त्यांनी आपणहून सोडली होती.

खाली जिन्याचा दरवाजा वाजला. कुणीतरी गुणगुणत चढू लागलं.

“तो आलाय,” फटीतून आजी कुजबुजल्या. “तुम्ही वर गच्चीकडे जा. जा लवकर.”

मास्तरीण वर गेली नाही. ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि रस्त्यावर गाडीचा आवाज येतोय का ते ऐकू लागली. गाडीचा आवाज येत नव्हता. खालच्या वळणावर गुणगुणणं थांबलं. त्याने वर पाहिलं, तिला ओळखलं, आणि नेहमीसारखा हसला.

“ताई? अहो, तुमचं तर संपलं ना सगळं?” तो म्हणाला, आणि खिशातून किल्ली काढत उरलेल्या पायऱ्या चढू लागला.