पश्चिम काठ

पाच हिवाळ्यांत तलावाच्या पूर्व काठावरचे चक्रवाक सहाशेवरून एकशे ऐंशीवर आले. पश्चिम काठावरचे दोनशेच्या खाली कधीच उतरले नाहीत.

पूर्व काठ भौतिकशास्त्राचे निवृत्त मास्तर मोजत, पश्चिम काठ त्यांची पत्नी. दोघांची वेळ एकच, सकाळी सात; त्यामुळे एक पक्षी दोनदा मोजला जात नसे. याच आकड्यांवर बोट ठेवून जिल्हा कार्यालयाने पूर्व काठावरून रस्ता मंजूर केला होता: पश्चिमेला पक्षी सुखरूप आहेत, उरलेलेही तिकडे जातील. हरकत घेण्याची मुदत आज संध्याकाळी संपत होती. पश्चिमेला आणखी पक्ष्यांना जागा नाही, हे छायाचित्रांनिशी दाखवायचे म्हणून मास्तर आज प्रथमच पत्नीबरोबर पूल ओलांडून आले.

समोर वाळलेला चिखल होता. भेगांतून हातभर गवत वर आले होते. पाणी दूर, पांढऱ्या रेघेएवढे.

मास्तरांनी दुर्बीण डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवली. मग काच पुसून पुन्हा फिरवली.

"कितीही पुसा," ती म्हणाली, "काचेत काही नाही."

"केव्हापासून?"

"पाच वर्षं झाली."

"आणि तू दोनशे चौदा, दोनशे नऊ..."

"पहिल्या वर्षी शून्यच लिहिलं होतं की! तुम्ही म्हणालात, शून्य पाण्यात नसतं, बघणाऱ्याच्या डोळ्यांत असतं. परत पाठवलंत. दुसऱ्यांदा शून्य आणलं, तर चष्म्याचा नंबर तपासायला लावलात."

"तपासला होता ना?"

"होता. बदलला नव्हता. तिसऱ्या खेपेला गुडघे बोलायला लागले होते माझे. त्या दगडावर बसले आणि लिहिलं, दोनशे चौदा. तुम्ही काय म्हणालात आठवतंय? 'बघ, नीट पाहिलं की दिसतात.' वर चहासुद्धा केलात."

मास्तरांनी दुर्बिणीचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"निदान नंतर तरी सांगायचंस."

"कुणाला?"

पलीकडे पूर्व काठावर रस्त्याचे मोजणीदार खुंट्या ठोकत होते. ठोका आधी दिसे, आवाज मागून येई.

मास्तरांनी पिशवीतून हरकतीचा कागद आणि पेन काढले. "अहो, हे लिहू नका," ती म्हणाली. "तुमचे सगळेच आकडे मातीमोल होतील. वीस वर्षांचे. हरकत तर फेटाळतीलच, वर हसतील."

"हसू देत."

मास्तर त्याच दगडावर बसले. हरकतीचा कागद गुडघ्यावर पसरून त्यांनी आधीचा मजकूर एका सरळ रेघेने खोडला आणि खाली लिहिले:

'पश्चिम काठावर पाच वर्षांत एकही चक्रवाक उतरलेला नाही. नोंदींतील आकडे काल्पनिक आहेत. कारण: निरीक्षिकेने पहिल्याच वर्षी खरा आकडा दिला होता, तो मी स्वीकारला नाही.'