शेवटपर्यंत न वाचलेला लेख

थिया विएचोरेक नऊ वर्षं रोज पहाटे उठून वाचायची. चित्रकला, शेअर बाजार, तत्त्वज्ञान, काहीही. त्यातले पाच लेख निवडायचे, प्रत्येकावर चार ओळी लिहायच्या आणि सात वाजता चाळीस हजार वाचकांना ईमेल धाडायची. नाव होतं ‘पाच पानं’. तिचा भागीदार ग्रँट ऑल्डरसन मथळे द्यायचा आणि गावोगाव भाषणं ठोकायचा. वाचायचा मात्र नाही. पहिले दोन परिच्छेद, फार तर तीन.

गेल्या सप्टेंबरात त्यानं तिला न विचारता ‘पाच पानं’मध्ये लिहिलं, ‘प्रकृतीच्या कारणानं थिया निवृत्त होत आहे.’ त्याच दिवशी तिचा पासवर्ड चालेना. तिला साधी सर्दीही नव्हती. आठवडाभरात मिलवॉकीतल्या तिच्या घरी ‘लवकर बरी हो’ अशी तीनशे कार्डं येऊन पडली.

“लोक माझ्यासाठी प्रार्थना करतायत, लिडिया,” ती मला म्हणाली. “जिवंतपणी पुरलं मला त्यानं.”

“वकील गाठ.”

“वकील कशाला? मी त्याला पुरती ओळखते.”

मी एक छोटं त्रैमासिक चालवते. हिवाळाभर खपून थियानं माझ्यासाठी टोपणनावानं एक लांबलचक लेख लिहिला. विषय होता, शंभर वर्षांतले ऑपेराच्या तिकिटांचे दर आणि गव्हाचे भाव. लेख खरोखर सुरेख होता. एकोणिसाव्या परिच्छेदात मात्र मध्येच लिहिलं होतं: ‘मी थिया विएचोरेक. मी ठणठणीत आहे. मला हाकललंय. ज्यानं हा लेख तुम्हाला सुचवला, तो इथवर पोचलेला नाही.’

मार्चमध्ये लेख छापून मीच ग्रँटला पाठवला. 

दुसऱ्याच दिवशी तो ‘पाच पानं’मध्ये सगळ्यात वर! खाली ग्रँटच्या ओळी: ‘दोनदा वाचला. शेवट डोळ्यांत पाणी आणतो.’

पाणी आलंच. नऊ वाजेपर्यंत वाचकांनी तो परिच्छेद गावभर केला होता. दहाला थियाचा फोन वाजला. मी तिच्या स्वयंपाकघरातच होते. तिनं स्पीकर लावला.

“तू मला बरबाद केलंस!” ग्रँट ओरडला.

“मी? मी तर आजारी आहे ना रे?”

“सरळ बोलली असतीस तर मी—”

“एकोणीस परिच्छेद सरळच बोलले, ग्रँट. तू ऐकायला थांबला नाहीस.”

त्यानं माफी छापली, भाषणांची बोलावणी बंद झाली आणि जूनमध्ये ‘पाच पानं’ही. जाताना त्यानं वाचकांची यादी तिला देऊ केली. तिनं ती घेतली नाही.

परवा शुक्रवारी आम्ही मासळीच्या दुकानात रांगेत होतो. ग्रँट आत आला, तिला पाहून गुपचूप दुसऱ्या रांगेत सरकला. थियाचा नंबर पुढचाच होता. तिनं तो सोडला आणि जाऊन नेमकी त्याच्या मागे उभी राहिली, अगदी मानेवर श्वास लागेल इतकी जवळ.