कुरकुरीसकट भाव

तूल्लियो रंगाऱ्याने इमारतीच्या सभेत बाहेरच्या भिंती रंगवायचे दोन भाव सांगितले. "कुरकुरीसकट वीस हजार युरो, कुरकुरीविना अठरा. काम चालू असताना कुणी एक शब्द जरी बोललं, की वीस."

जेनोवाचे खलाशी पूर्वी म्हणे कमी पगार पत्करायचे, पण कुरकुरायचा हक्क करारात लिहून घ्यायचे. त्यांचीच ही नातवंडं, तरी दोन हजारांचं नाव निघताच तोंडं मिटली. पाचव्या मजल्यावरचे कापुर्रो म्हणाले, "जो बोलेल, तो फरक भरेल." पास्ता उकडलेल्या पाण्यात दुसऱ्या दिवशी बटाटे उकडणारा माणूस, दुसरं काय बोलणार!

तिसऱ्या मजल्यावरच्या एर्सिलियाबाई सभेतून उठून थेट आपल्या भिंतीखाली जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला खिडकी नव्हती. बाहेरून मात्र खिडक्यांची रांग सलग दिसावी म्हणून बंद झडपांची खिडकी रंगवलेली होती. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याने, बाचिनने, दोराला लटकून त्यातली एक झडप रंगानेच उघडली आणि कठड्यावर बेसिलची कुंडी काढली. बाचिन गोदीत जहाजं रंगवायचा. सगळ्या गल्लीचं बेसिल खाऱ्या वाऱ्याने करपे, हे मात्र कायम हिरवंगार. "बाई, पाणी जास्त होतंय हं तुमच्या बेसिलला," असं कापुर्रो दर उन्हाळ्यात म्हणायचे. बाचिन जाऊन नऊ वर्षं झाली होती. आणि तूल्लियो ज्या मूळ नकाशाप्रमाणे रंगवणार होता, त्यात दोन्ही झडपा बंद होत्या, कुंडी नव्हतीच.

बाईंच्या पेन्शनमध्ये दोन हजार कुठून येणार? त्या बारा दिवस गप्प बसल्या.

तेराव्या दिवशी रंगाऱ्याची परांची तिसऱ्या मजल्यावर पोहोचली. बाई खाली गल्लीत उभ्या होत्या. तूल्लियोने कुंडीवर खरवडणी टेकवली, तसे त्यांचे डोळे भरून आले. बोलल्या मात्र नाहीत.

"ए तूल्लियो," वरून कापुर्रोंचं डोकं बाहेर आलं, "ती कुंडी राहू दे."

"कापुर्रोसाहेब, दोन हजार झाले."

"ठाऊक आहे. आणि तुझा पिवळा रंग कावीळ झाल्यासारखा दिसतोय. पैसे मोजतोय, तर ऐक आता."

दुसऱ्या मजल्यावरच्या ओलिव्हाबाईंनी खिडकी उघडली. "एकट्यानं कशाला भरता? मीही बोलते. ती पट्टी वाकडी आहे." मग तळमजल्याचा चांभार बोलला. दुपारपर्यंत सहापैकी पाच घरांनी बारा दिवसांची कुरकुर ओकून टाकली, आणि सगळ्यांचे चेहरे आजारातून उठल्यासारखे टवटवीत दिसू लागले.

"एर्सिलियाबाई तेवढ्या राहिल्या," तूल्लियो घाम पुसत म्हणाला. "त्यांना फरक भरायला नको."

"का नको?" बाईंनी डोळे पुसले. "त्या कुंडीची सावली उलट्या बाजूला पडलीय. तीस वर्षं बघतेय. बाचिनला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते."

तूल्लियोने ब्रश उचलला. "मग सरळ करून देऊ?"

"हात तर लावून बघ," बाई म्हणाल्या.