वाकळीत गुंडाळलेला आवाज

मी एक जुना डीसी कन्व्हर्टर आहे, मित्रांनो; तळहाताएवढा, एका कोपऱ्यात पोचा आलेला. जीपच्या बॅटरीची बारा व्होल्टची वीज घ्यायची आणि कान तपासायच्या मशीनला पाच व्होल्टची करून द्यायची, हे माझं काम. त्यासाठी सेकंदाला लाखो वेळा वीज तोडतो, जोडतो. स्वस्थ बसणं माझ्या रक्तातच नाही! नवा होतो तेव्हा कान तपासणाऱ्या शबानाताई कौतुकानं म्हणायच्या, "लई गुणाचं हाय." पुढे माझ्यातला, ही तोडजोड शांत करणारा कपॅसिटर वाळला, कुणी लक्ष दिलं नाही, आणि माझी चुळबुळ बाहेर सांडू लागली.

त्या दिवशी आमची जीप किल्लारीच्या शाळेत होती. गुरम्मा आपल्या सृष्टीला घेऊन आली. "मास्तर म्हनतेत, पोरगी लई हट्टी हाय. जरा कान बघा, म्याडम."

शबानाताईंनी पोरीला हेडफोन लावला. "बेटा, टूं ऐकू आलं की बोट वर कर."

बोट वर गेलं. गुरम्माचा जीव भांड्यात पडला. शबानाताईंचा चेहरा मात्र उतरला, कारण त्यांनी बटण दाबलंच नव्हतं.

पोरीनं ऐकली ती माझी सूंसूं! 'कान ठीक' असं लिहिलं गेलं असतं, तर सृष्टी जन्मभर हट्टीच ठरली असती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामा, कन्व्हर्टर आवाज करून राहिला," शबानाताई ड्रायव्हर पंचाक्षरीमामांना म्हणाल्या.

मामांनी 'आवाज' तेवढा ऐकला. सीटवरची वाकळ ओढली आणि मला गच्च गुंडाळलं. "घ्या! आता कसा वरडतोय बघू."

अहो, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मी उकडून निघालो, सूंसूं तशीच. ती हवेतून जातच नव्हती. वायरीतून सरळ पोरीच्या कानात शिरत होती.

शबानाताईंनी हेडफोन स्वतःला लावला, तर कानठळ्या बसवणारी सूंसूं! त्यांनी वाकळ भिरकावली. "मामा, ह्याचा आवाज वायरीतून जाऊन राहिला!"

मामा ओशाळले. ताईंनी सांगितलं तसं पळत जाऊन समोरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून नवा कपॅसिटर आणि वायरीतला गोंगाट अडवणारं फेराइटचं काळं कडं घेऊन आले. शबानाताईंनी कपॅसिटर बदलला. मशीनकडे जाणारी जोडवायर माझ्या तोंडाशीच त्या कड्यातून वेढे देऊन ओवली. तेवढ्यात गुरम्मा उठली. "बोट तर वर केलं की पोरीनं. जाऊ का आता? गावाकडची जीप चुकंल." मी नुसता तळमळत होतो. थांब गं बाई, जाऊ नकोस!

"बसा मावशी, एकडाव परत बघू," शबानाताई म्हणाल्या.

पुन्हा हेडफोन. वायरीत आता शुकशुकाट. शबानाताईंनी बटण दाबलं. बोट हललं नाही. आवाज वाढवला. तरी नाही. खूप मोठा केला, तेव्हा कुठे बोट वर गेलं.

गुरम्मानं पोरीला पोटाशी धरलं. "आगं माय! ऐकत न्हाई म्हून मी हिला झोडपत व्हते की!"

सृष्टीला आता लातूरच्या कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं आहे. मी अजूनही वीज तोडतो, जोडतो. जीवाला चैन नाही ते नाहीच. मित्रांनो, आम्हा यंत्रांचा गोंगाट वरून झाकू नका, तो जिथे उठतो तिथेच अडवा. आणि एखादं लेकरू ऐकत नसेल, तर हात उगारायच्या आधी त्याला ऐकू येतं का, तेवढं बघा.