सर्जेरावांसाठी एक धून

मित्रांनो, मी एक जुना बॅगपाइप आहे. कातडी पिशवी हे माझं पोट. तिच्यात तोंडानं हवा भरायची, काखेत दाबायची, की माझ्या लाकडी नळ्या गाऊ लागतात. माझा जन्म मेरठच्या एका कारखान्यात झाला. फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेल्या नूरमोहम्मदांनी मला छत्रपती संभाजीनगरात आणलं.

शहरात असो की दौलताबादकडच्या गावात, जवानाची अंत्ययात्रा निघाली की ते मला खांद्यावर घेत. शेजारी ढोल असे तो त्यांच्या बँडमधल्या सोबत्याचा, सर्जेरावांचा. दोघांचं ठरलं होतं, जो आधी जाईल त्याच्यासाठी दुसऱ्यानं वाजवायचं.

पुढं नूरमोहम्मदांच्या छातीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी फुंकायला मनाई केली. चार वर्षं मी कपाटावर पडून होतो. कातडं वाळलं, शिवण उसवली. कुणी हात लावला नाही.

गेल्या फेब्रुवारीत फुलंब्रीला सर्जेराव वारले. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्या स्मरणविधीच्या सकाळी नूरमोहम्मदांनी मला खाली काढलं आणि शिवणीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली.

"डॉक्टर क्या बोले, भूल गए?" त्यांच्या बायकोनं, गौहरबींनी विचारलं.

"एकच धून," ते म्हणाले.

विहारापुढच्या मांडवात वंदना संपली. सर्जेरावांच्या पत्नी पारूबाई जवळ आल्या. "नूरभाऊ, होत नसंल तर ऱ्हाऊ द्या. ते काय रागावणार नायत."

नूरमोहम्मदांनी फुंकायची नळी ओठांत धरली. धून सुरू झाली, पण पट्टी सुटत होती. ते फुंकत होते आणि मी गळत होतो. एका फुंकरीच्या जागी त्यांना तीन माराव्या लागत. कपाळावर घाम फुटला, ओठ निळसर पडले, तरी बोटं थांबेनात. मला गप्प व्हायचं होतं, पण ते वाद्याच्या हातात नसतं. माझा सूर खाली खाली घसरत गेला. मांडवात कुणी हलेना.

गौहरबी बायकांमधून उठल्या. "छोडो," म्हणत त्यांनी नळी नवऱ्याच्या तोंडातून काढली, स्वतःच्या ओठांत धरली आणि गाल फुगवून फुंकू लागल्या. नूरमोहम्मद त्यांच्याकडं बघतच राहिले. मग त्यांनी मला काखेत दाबलं. पारूबाईंनी पुढं होऊन उसवलेली शिवण दोन्ही हातांनी आवळून धरली.

बोटं नूरमोहम्मदांची, श्वास गौहरबींचा. धून शेवटपर्यंत गेली.

खुर्चीवर बसल्यावर बऱ्याच वेळानं नूरमोहम्मदांच्या ओठांना रंग आला. तोवर माझ्या जिवात जीव नव्हता.

मित्रांनो, मला कातडं मऊ राहायला थोडा मध, लाकडाला थोडं तेल आणि अधूनमधून एक फुंकर एवढंच लागतं. तुमच्या घरात एखादं वाद्य पडून असेल तर आजच खाली काढा, त्याची शिवण बघा. दुःखाच्या दिवशी आम्ही हमखास आठवतो, पण त्या दिवशी दुरुस्तीला वेळ नसतो.