आवाजामागून

संजीवनी आली की आधी राळेचा वास यायचा. गारखेड्यातल्या आमच्या घराच्या पडवीत सकाळचं तिरपं ऊन पसरलेलं असे. त्या उन्हात बसून ती व्हायोलिनच्या गजावर राळ घासू लागली, की एक शुभ्र, अतिसूक्ष्म धूळ तरंगत राही आणि अंगणातल्या कडुनिंबाच्या मोहराच्या गंधात मिसळून जाई. मग उमटे एकच दीर्घ, निष्कंप षड्ज. चितेगावहून पहिल्या एसटीनं आलेल्या त्या सावळ्या, किरकोळ मुलीच्या हाताला एवढं स्थैर्य कुठून लाभलं, याचं मला नवल वाटे.

तिला प्रथम घेऊन आले ते तिचे वडील. शेती सांभाळून ते चितेगावच्या कारखान्यात पाळीवर जात. शाळेतल्या संगीताच्या बाईंनी मुलीला गज धरायला शिकवलं होतं, आणि बदली होऊन जाताना स्वतःचं जुनं व्हायोलिन तिला देऊन, माझ्या यजमानांकडे पाठवा म्हणून सांगितलं होतं. "गुरुजी, पोरगी लई जिद्दीची हाय," वडील उंबऱ्याशीच म्हणाले, "तुमी शिकवा म्हंजी झालं." हे गायक, व्हायोलिनला त्यांनी कधी हातही लावला नव्हता. ते म्हणाले, "मला वाजवता येत नाही. मी गाईन, ती शोधील."

आणि ती शोधत राहिली. हे एक ओळ गात, ती तारांवर चाचपडत उमटवी. ह्यांना पटलं नाही तर तीच ओळ पुन्हा, दुपार कलेपर्यंत. ह्यांचा नियम एकच होता: "मी जिथं श्वास घेतो, तिथंच गज वळव." ग्रीष्म सरला, शरद सरला, हिवाळ्यात बोटांच्या टोकांना भेगा पडल्या, त्यांवर खोबरेल चोळून ती पुन्हा बसे. हळूहळू तिच्या सुरांना शब्दांचा उच्चार आला. पुढं हे तिला जालना, अंबड, पैठण अशा गावोगावच्या मैफलींत साथीला नेऊ लागले. वाजवताना तिची नजर तारांवर नसे, ह्यांच्या कंठावर असे. पावलाला न दुखवता सावलीनं चालावं, तशी ती आवाजामागून जाई.

म्हणूनच ह्यांचा श्वास तोकडा पडू लागल्याचं माझ्याआधी तिला कळलं. "काकू, गुरुजी लवकर थांबायलेत," स्वयंपाकघरात येऊन ती हळूच म्हणाली, "डॉक्टरला दाखवा ना." मी सांगून पाहिलं. ह्यांनी मनावर घेतलं नाही.

पैठणला सकाळची मैफल होती. तोडी रंगात आलेली, आणि तार षड्जावर जाता जाता ह्यांचा आवाज फाटला. त्याच क्षणी संजीवनीनं तो षड्ज तारेवर उचलला. असा भरीव, असा निःशंक, की ऐकणाऱ्यांना ते ठरवलेलंच वाटलं. टाळ्या पडल्या. हे हसले नाहीत. आम्ही परतीची एसटी धरली. खिडकीबाहेर कापणी झालेल्या रानांवर ऊन पांढरंफटक पडलं होतं. घरी पोचल्यावर हे म्हणाले, "ती जागा माझी होती."

"गुरुजी, तुमी अडकला व्हता."

"अडकू द्यायचं होतंस."

ती वाकून पाया पडली आणि गेली. मग कित्येक आठवडे पडवी रिकामी राहिली. अखेर वडील आले. "पोरीचं काय चुकलं तेवढं सांगा. वाद्याला हात लावंना ती." "तिचं काही चुकलं नाही," हे म्हणाले. "माझं सरत आलंय, ते तिनं झाकलं. मला सोसलं नाही. उद्यापासून पाठवा."

त्या हिवाळ्यात शहरातली मंडळी ह्यांचं गाणं ठरवायला आली, तेव्हा ह्यांनी संजीवनीकडे बोट केलं. "मी गात नाही आता. ही वाजवील."

तिचा चेहरा उतरला. "एकटीनं नाय जमायचं, गुरुजी. मी कुणाच्या मागं जाऊ?"

"मी तंबोरा घेऊन मागं बसतो. तू पुढं हो."

उभ्या आयुष्यात ह्यांनी दुसऱ्यासाठी तंबोरा धरला नव्हता. मैफलीच्या त्या सकाळी संजीवनी प्रारंभी अडखळली. दोनदा तिनं मागं वळून पाहिलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले होते, तिला आधार सापडू नये म्हणूनच मिटले असावेत. मग ती समोर पाहू लागली. विलंबितात एका क्षणी, जिथं ह्यांनी कधीही श्वास घेतला नसता अशा ठिकाणी, तिनं गज वळवला. ह्यांनी डोळे उघडले, आणि तंबोऱ्यावरचं बोट क्षणभर थबकलं.

त्यानंतर तिला रेडिओवर बोलावणं आलं, परगावची आमंत्रणं आली, पुढं ती पुण्याला राहायला गेली. तिचं वादन लागलं की हे खुर्ची ओढून बसत, चहा निवून जाई. आज हे नाहीत. काळानं आधी आवाज नेला, मग माणूस. पण त्या दोहोंच्या मधली थोडी वर्षं त्यानं ठेवली, ज्यांत ह्यांना नुसतं ऐकता आलं, आणि आता मला ह्यांची आठवण येते ती गातानाची नव्हे, मान किंचित कलती करून तिचं ऐकतानाची.