माझा काटा आणि बकुळाचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. नारपोलीत दामूच्या घरी माळ्यावर पडून असतो. पोटातला पट्टा सैल झाल्यापासून मला कुणी विचारत नाही. पण एके काळी माझा काय थाट होता! चंदेरी कळा, आणि आवाज लहानमोठा होईल तसा काचेमागे नाचणारा काटा. मी घरात आलो तेव्हा सारी चाळ मला बघायला लोटली होती.

दामू लूम, म्हणजे कापड विणणारा यंत्रमाग, चालवायचा. कारखाना भिंतीपलीकडेच. त्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडायचं, हीच घराची रीत. भांडण कुठलं नि लाड कुठला, हे मलासुद्धा ओळखू येत नसे.

नव्वद साली दामूची मुलगी बकुळा एम.ए.साठी विद्यापीठात जाऊ लागली. तिथे वर्गासमोर इंग्रजीत निबंध मांडावा लागे. बकुळाने माझ्यापुढे बोलून बोलून तो घोटला. इंग्रजी पक्कं झालं, पण घरच्याच आवाजात! पहिल्याच वाक्याला वर्ग दचकला.

"अगं, आम्ही काय खाडीपलीकडे उभे आहोत?" बाई म्हणाल्या. हशा पिकला. बकुळा निबंध अर्धाच टाकून खाली बसली. बाईंनी शनिवारी पुन्हा संधी दिली, पण तीच शेवटची.

घरी आत्या शेवंता टपलेलीच होती. "जमत न्हाय ना? मग बसव तिला कारखान्यात सुताच्या कांड्या भराया."

दामू पाठ फिरवून कारखान्यात निघून गेला. त्याचं ते पाठ फिरवणं मला फार लागलं.

शुक्रवारी लूमना सुट्टी. बकुळा माझ्यापुढे बसून हळू बोलू लागली. दामू दाराशी होता. लूमने त्याचे कान अर्धे खाल्ले होते.

"मोठ्यानं बोल, आयकू येत न्हाय!"

"आबा, मोठ्यानं बोलले की हसतात."

"आन हळू बोललीस तर आयकंल कोन?"

इकडे आड, तिकडे विहीर. बिचारीला रडूच फुटलं.

शनिवारी तिने मला पिशवीत घालून वर्गात नेलं, टेबलावर ठेवलं आणि रेकॉर्डिंगची लाल कळ दाबली. ती इतकी हळू बोलू लागली की माझा काटा जागचा हलेना. "ऐकू येत नाही!" मागच्या बाकावरून कुणी म्हणालं. घाबरून तिने आवाज चढवला, तर काटा थेट लाल पट्टीत. कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी शेरा लिहायला पेन उचललं.

बकुळा थांबली. माझी कॅसेट रिकामीच फिरत होती. आता ही खाली बसणार, या भीतीने मी अर्धा झालो.

तेवढ्यात तिची नजर माझ्या काट्यावर पडली. तिने श्वास सोडला आणि काटा मधोमध राहील अशा बेताने एकेक वाक्य उचललं. निबंध संपेपर्यंत तिने नजर हलवली नाही, की मी काटा ढळू दिला नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. "पास," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी दामू माझ्या स्पीकरच्या जाळीला कान लावून बसला. इंग्रजीचं अक्षरही त्याला कळत नव्हतं, तरी कॅसेट संपेपर्यंत तो हलला नाही.

"एवढ्या हळू बोललीस, तरी समद्यांनी आयकलं?"

"हो, आबा."

"मला कुनी कधी असं आयकलं न्हाय गं," तो म्हणाला. त्याचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मित्रांनो, ती कॅसेट अजून माझ्या पोटात आहे. माझा पट्टा बदलाल, तर तुम्हालाही ऐकवीन. आणि कुणी मोठ्याने बोललं, तर हसू नका. त्याच्या भिंतीपलीकडे काय खडखडतंय, ते आधी ऐका.